ताट भरलेलं, पोर उपाशी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मित्राने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू काहीतरी माहितीचं लिही." म्हणून हा लेख शाळेबद्दल नाही. पण लिहिता लिहिता तो शाळेपाशीच येऊन थांबला, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या स्नेहमेळाव्यात दुपारी जेवणाच्या पंगतीत आपण सगळे जुन्या टोपणनावांनी एकमेकांना हाका मारत होतो. कुणी 'काडी', कुणी 'ढोली', कुणी 'पोतं'. पस्तीस वर्षांनी ती नावं ऐकून सगळे खळखळून हसले, मीही हसले. भरीत-भाकरी झाली, शेवभाजी झाली. वाढणारा आग्रह करत होता आणि आपण "आता पुरे" म्हणत होतो. त्याच पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या चुलत बहिणीने हळूच सांगितलं, "तुझी भाची परवा पहिल्यांदा स्वतःहून दुसरी भाकरी मागून जेवली." ते सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यामागे तीन वर्षांची कथा आहे. भाचीच्या आणि तिच्या आईच्या संमतीने ती इथे थोडक्यात सांगते.

पोरगी नववीत होती. नवरात्रात उपवास धरला तो नवरात्र संपल्यावरही सुटला नाही. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. मग भाकरी बंद, तेल बंद. "पोट भरलंय" हे एकच वाक्य. घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी धार्मिक झाली, चांगलं आहे. मग पाळी थांबली, केस गळायला लागले, उन्हाळ्यातही ती अंगावर चादर ओढून बसायची. आजी रोज विचारायची, "काय व्हयनं तुले?" एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी सोनोग्राफी काढून "काही नाही" म्हणून सांगितलं. मग भगत झाला, उतारा झाला, नवस झाला. वर्ष गेलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बसवून अर्धा तास बोलतं केलं आणि बाहेर येऊन बहिणीला सांगितलं, "ताई, हा पोटाचा आजार नाही. हिला मनाच्या डॉक्टरांकडे न्या." वर्गात कुणीतरी तिला एका नावाने हाक मारली होती आणि सगळा वर्ग हसला होता, एवढीशी ती सुरुवात होती. आजाराला कारणं अनेक असतात, एकट्या त्या हाकेला दोष देता येणार नाही. पण पोरीला आठवत होती ती हाकच.

तेव्हापासून मला एक प्रश्न छळत होता. या आजाराला नाव आहे, उपचार आहेत, जगात त्यासाठी संस्था आहेत. मग आमच्या घरात ते कळायला वर्ष का लागलं? एखादा आजार लोकांच्या ओळखीचा होतो तो कसा? त्याचं उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो इथे मांडते. त्यातला एक मोठा धागा आपल्या धुळ्याचा निघाला, याचं मला फार नवल वाटलं.

दुष्काळ पाहिलेला मुलूख

आपल्या भागात 'जेवत नाही' याचा अर्थ एकच, अन्न नाही. आपल्या सरांनी आणि बाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. सुकडी वाटलेली, परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या, रोजगार हमीच्या खडीवर आया राबलेल्या. तापी-पांझरेच्या काठावर राहूनही पाण्यासाठी वणवण केलेली माणसं आपली. शेजारच्या नंदुरबारमधल्या कुपोषणाच्या बातम्या आपण आजही वाचतो. अशा मुलखात भरलेलं ताट समोर असताना एखादी पोर जेवत नाही, हे माजोरीपणाचं किंवा नखऱ्याचं वाटणं स्वाभाविक आहे. "आम्हाला मिळत नव्हतं आणि हिला नको झालंय," असं माझ्या काकूही म्हणाल्या होत्या. त्यांचा राग खोटा नव्हता, पण आजाराला तो लागू नव्हता.

दुसरी अडचण उपवासाची. आपल्याकडे न जेवण्याला मान आहे. एकादशी, चतुर्थी, चातुर्मास, श्रावणी सोमवार. श्रद्धेने केलेला उपवास हा आजार नव्हे, हे ठामपणे सांगितलं पाहिजे. उपवास करणारी बाई दुसऱ्या दिवशी आनंदाने पारणं फेडते. ज्या मुलीला पारण्याचीच भीती वाटते, तिच्याकडे मात्र पाहायला हवं. हा फरक आपल्याला कुणी शिकवला नव्हता.

नाव मिळालं, पण ते अर्धवट

१८७३ साली लंडनमधले डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसमधले डॉक्टर लासेग या दोघांनी, एकमेकांच्या कामाचा आधार न घेता, जेवण सोडणाऱ्या तरुण मुलींचं वर्णन केलं. गल यांनी त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिलं. त्याचा अर्थ मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे भूक मरणं. नाव टिकलं, पण ते फसवं आहे. या मुलींची भूक मेलेली नसते, ती दाबलेली असते. पुढे १९७९ मध्ये लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी भरमसाट खाऊन मग उलटी काढण्याच्या आजाराचं वर्णन केलं आणि त्याला 'ब्युलिमिया नर्व्होसा' म्हटलं. मनाच्या आजारांमध्ये माणसं दगावण्याचं प्रमाण ज्या आजारांत सर्वांत जास्त आहे, त्यांत अ‍ॅनोरेक्सिया येतो. हे वाचलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते.

हा 'गोऱ्यांचा आजार' आहे असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पण १९९५ मध्ये दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. जेवण नको, उलट्या, वजन उतरलेलं, पाळी थांबलेली. यातल्या मुली "मी जाड आहे" असं म्हणत नव्हत्या. हाँगकाँगमध्ये डॉक्टर सिंग ली यांनाही त्याच सुमारास असंच दिसलं होतं. तिथल्या पुष्कळ रुग्ण मुली पोट फुगतं, भूक नाही, एवढंच सांगायच्या. म्हणजे आजार तोच, बोली वेगळी. आमची भाची "पोट भरलंय" म्हणत होती, तेही असंच असावं, असं मला वाटतं. पाश्चात्त्य पुस्तकातली लक्षणं शोधणाऱ्याला ती दिसली नसती.

वर्तमानपत्रातली एक छोटी जाहिरात

आजाराला नाव डॉक्टर देतात, पण तो गावाला माहीत होतो तो घरच्या माणसांमुळे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या हायलंड पार्क या गावी व्हिव्हियन मीहान नावाच्या नर्सबाई होत्या. त्यांच्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया झाला. स्वतः नर्स असूनही त्यांना कुठे धड माहिती मिळेना. तेव्हा त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात दिली की कुणाच्या घरी असं घडत असेल तर कळवा. पत्रं येऊ लागली. त्यातून १९७६ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. या आजारांसाठी अमेरिकेत निघालेल्या सर्वांत जुन्या संस्थांमध्ये ती गणली जाते.

१९८३ च्या फेब्रुवारीत कॅरन कार्पेंटर ही अमेरिकेतली लोकप्रिय गायिका या आजाराने खंगून वयाच्या ३२ व्या वर्षी गेली. ज्या घरांत हा शब्द कधी पोचला नव्हता तिथे तो पोचला. १९८७ मध्ये सिएटल शहरात एक संस्था निघाली, तिचा भर उपचारापेक्षा प्रतिबंधावर होता. शाळाशाळांत जाऊन बोलायचं, वर्षातून एक जागृती सप्ताह पाळायचा, जाहिरातवाल्यांना जाब विचारायचा, असं तिचं काम. २००१ मध्ये तिचं आणि पूर्वेकडच्या दुसऱ्या जुन्या संस्थेचं एकत्रीकरण होऊन राष्ट्रीय पातळीवरची 'नॅशनल इटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन' तयार झाली. इंग्लंडमध्येही १९८९ मध्ये छोटे गट एकत्र येऊन अशीच संस्था झाली, ती आज 'बीट' या नावाने ओळखली जाते.

पुणे, ठाणे आणि मध्ये आपण

महाराष्ट्रातही हा इतिहास घरांतूनच सुरू झाला, फक्त आजार वेगळे होते. १९८० च्या दशकात अनिल अवचटांनी मुंबई-पुण्यातल्या गर्दच्या व्यसनावर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट मानसोपचारतज्ज्ञ. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, हे वाक्य मराठी घरांत मुक्तांगणने रुजवलं. बायकोच्या वेदनेकडेही लक्ष हवं, हेही त्यांनीच दाखवलं. २३ मार्च १९९० रोजी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. वेड लागल्यावरच ज्या डॉक्टरकडे जायचं, त्याच्याकडे परीक्षेच्या भीतीसाठी, भांडणासाठी, एकटेपणासाठीही जाता येतं, ही कल्पना त्या संस्थेने मध्यमवर्गात नेली.

आपल्याकडे काय होतं? सरकारची मनोरुग्णालयं राज्यात चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. खान्देशात एकही नाही. नरडाण्याहून कुणाला न्यायचं तर रात्रभराचा प्रवास, आणि गावात सांगायचं, "नातेवाइकाकडे गेलो होतो." आपल्यापैकी काहींना आठवत असेल, गावात अशी एखादी व्यक्ती असायचीच जी घरातल्या मागच्या खोलीत असायची आणि जिच्याबद्दल कुणी विचारायचं नाही.

धुळ्याचे वाणी सर

आता तो धुळ्याचा धागा. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. ते कॅनडात गेले आणि कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. आकड्यांचा माणूस. तिकडे त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. परक्या देशात, मुलंबाळं सांभाळून, नोकरी करून त्यांनी तो आजार वर्षानुवर्षं घरात पाहिला. तिथे अशा रुग्णांच्या घरच्यांच्या संघटना होत्या. नातेवाईक एकत्र बसून बोलतात, एकमेकांना आधार देतात, सरकारपुढे मागण्या मांडतात, हे त्यांनी अनुभवलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या मुलखात हे काहीच नाही.

१९८० च्या दशकात त्यांनी कॅलगरीत 'महाराष्ट्र सेवा समिती' काढली. तिथल्या मराठी माणसांकडून वर्गणी गोळा करायची, तिला कॅनडातल्या सरकारी योजनांची जोड मिळवायची आणि तो पैसा महाराष्ट्रातल्या संस्थांना पाठवायचा. एका डॉलरचे अनेक डॉलर करण्याची ही युक्ती संख्याशास्त्राच्या प्राध्यापकालाच सुचावी. धुळ्यात का. स. वाणी यांच्या स्मृतीसाठी न्यास झाला आणि मराठी भाषेच्या अभ्यासासाठी संस्थाही त्याच नावाने उभी राहिली.

१९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू झाली. लोक तिला लाडाने 'सा' म्हणतात. नावातच आजाराचं नाव ठेवणं ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. मनाच्या आजारावर काम करणाऱ्या संस्था गोल गोल नावं घ्यायच्या, कारण फलकावर आजाराचं नाव लिहिलं तर दारात कोण येणार? 'सा'ने उलट केलं. जे नाव घरात कुजबुजून घेतलं जात होतं, तेच फलकावर लावलं.

सुरुवात बैठकांपासून झाली. स्वमदत गट म्हणजे काय, तर खुर्च्या गोल मांडायच्या आणि आळीपाळीने बोलायचं. मुलगा रात्रभर जागतो, औषध थुंकून टाकतो, लग्न लावलं तर बरा होईल का असं सासरे विचारतात, धाकट्या मुलीचं लग्न अडलंय. बाहेर कुठे बोलता न येणारं सगळं इथे बोललं जातं आणि समोरचा मान डोलावतो, कारण त्याच्याही घरी तेच असतं. पुढे स्वतः रुग्णाचे पालक असलेल्या अमृत बक्षी यांनी संस्थेची धुरा अनेक वर्षं वाहिली. धायरीत पुनर्वसन केंद्र आलं. औषधाने भास थांबले तरी सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न उरतोच. अशा केंद्रात दिवसाला आकार मिळतो. काम, गाणी, खेळ, सोबत. दरवर्षी २४ मे हा स्किझोफ्रेनिया जागृती दिन पाळला जातो, तोही लोकांपर्यंत जायचा एक मार्ग झाला.

आणि मग सिनेमा. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. त्याच्या निर्मितीमागे वाणी सर आणि धुळ्याचा तो न्यास होता. अतुल कुलकर्णीने साकारलेला शेष हा कोकणातला, देवराईवर जीव टाकणारा तरुण हळूहळू आजारात शिरतो आणि सोनाली कुलकर्णीने साकारलेली बहीण त्याला आपल्या घरी आणते. त्यात चमत्काराने कुणी बरं होत नाही. औषध, घर, चिडचिड, माया, पुन्हा औषध, असं ते चालतं. तोपर्यंत आपल्या सिनेमातला वेडा एक तर हसवायला असायचा किंवा घाबरवायला. 'देवराई' पाहून बाहेर पडताना "आमच्याकडेही असंच आहे," असं म्हणता येणं, हे मला त्या सिनेमाचं खरं यश वाटतं. वाणी सरांना कॅनडाने 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा मोठा नागरी सन्मान दिला. २०१७ मध्ये ते गेले.

यातून काय वाढलं

संस्था वाढली म्हणजे इमारत वाढली, असं आपण मानतो. मला तीन वेगळ्या गोष्टी वाढलेल्या दिसतात.

पहिली म्हणजे भाषा. 'रुग्ण' आणि 'सांभाळणारा' या शब्दांच्या जागी मराठी स्वमदत गटांमध्ये 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' हे शब्द रूढ झाले. आपलं शुभ व्हावं म्हणून धडपडणारा तो शुभार्थी आणि ते करायला मदत करणारा तो शुभंकर. पुण्यातल्या पार्किन्सन्सच्या गटातही हेच शब्द वापरतात. शब्द बदलला की नजर बदलते. माझी बहीण स्वतःला शुभंकर म्हणवून घेते, तेव्हा तिची पाठ ताठ होते.

दुसरी म्हणजे कायदा. १९१२ च्या इंग्रजी कायद्याच्या नावातच वेडसरपणा होता. तो जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. २००१ च्या ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून गेले. त्या आगीने देश हादरला. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्यात साखळीने बांधण्यावर बंदी आहे आणि उपचार हा रुग्णाचा हक्क मानला आहे. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावं, हेही त्यात लिहिलं आहे. देशभर घरच्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या खटपटीचा त्यात वाटा आहे.

तिसरी म्हणजे ओळख. पूर्वी स्किझोफ्रेनिया हा शब्द उच्चारता येत नसे, आज धुळ्यात, जळगावात मानसोपचारतज्ज्ञांकडे लोक उजळ माथ्याने जातात, निदान पूर्वीपेक्षा तरी. जेवणाच्या आजाराला मात्र आपल्या गावांत अजून तशी ओळख मिळालेली नाही. त्याला अजून कुणी 'वाणी सर' भेटलेले नाहीत. म्हणून आमचं ते वर्ष वाया गेलं.

चुकांचाही इतिहास

भाची बरी व्हायला लागल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला, शाळेत एक जोरदार व्याख्यान ठेवू. मुलींना सगळी लक्षणं सांगू, फोटो दाखवू. बरं झालं, आधी थोडं वाचलं. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी शाळकरी मुलींना या आजारांबद्दल धडे दिले आणि मग त्यांची पाहणी केली. लगेच थोडा फायदा दिसला, पण सहा महिन्यांनी मुलींचं खाणं आवरण्याचं प्रमाण आधीपेक्षाही वाढलेलं होतं. वजन, उष्मांक, उलट्या यांची चर्चा ऐकून काहींना नव्या कल्पनाच मिळतात. म्हणून आता जाणकार सांगतात की आजाराचं वर्णन करून घाबरवू नका. चेष्टा थांबवा, शरीरावरून माणूस जोखणं थांबवा, 'सुंदर म्हणजे बारीक' या समजावर मुलींनाच प्रश्न विचारू द्या.

समज बाहेरून कसा येतो याचं एक उदाहरण फिजी बेटांचं आहे. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तोवर तिथे भरलेल्या अंगाला मान होता, पाहुण्याला पोटभर खाऊ घालणं हीच रीत होती, अगदी आपल्यासारखी. अ‍ॅन बेकर या संशोधक बाईंनी टीव्ही आल्या आल्या आणि तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या वेळी शून्य टक्के होत्या, १९९८ मध्ये त्या ११.३ टक्के झाल्या. आज आपल्या प्रत्येक घरात, शेतातल्या खळ्यावरसुद्धा, त्या टीव्हीपेक्षा मोठा पडदा खिशात आहे.

मोठ्या संस्थाही चुकतात. अमेरिकेतल्या त्या राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये आपली माणसांनी चालवलेली मदतवाहिनी बंद केली आणि संगणकाच्या संवादयंत्रावर भिस्त ठेवली. त्या यंत्राने मदत मागणाऱ्यांना वजन कमी करण्याच्याच सूचना दिल्याचं उघड झालं आणि काही दिवसांत ते काढून टाकावं लागलं. व्हिव्हियनबाईंच्या जाहिरातीला आलेली पत्रं माणसांनी वाचली होती. 'सा'च्या गोल मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं बसतात. या कामात ते टाळून चालत नाही, असा याचा अर्थ मी घेतला.

आपल्या शाळेपाशी

आता शाळेकडे येते. आपण मेळाव्यात शाळेला काय देणगी द्यायची यावर बोललो. कुणी पाण्याचं यंत्र म्हणालं, कुणी बाक, कुणी संगणक. ते सगळं द्यायलाच हवं. माझी विनंती त्यासोबत तीन गोष्टींची आहे, आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

एक, मुलांची वजनं-उंची मोजली जातात तेव्हा ती वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवू नयेत. आपल्या वेळी यादी वाचली जायची आणि प्रत्येक आकड्यावर वर्ग हसायचा. सरांचा त्यात वाईट हेतू नव्हता, कुणालाच तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

दोन, महिन्यातून एकदा शाळेच्या एका खोलीत खुर्च्या गोल मांडू या. आपल्यापैकी कुणी डॉक्टर आहे, कुणी समुपदेशक, कुणी नर्स, कुणी नुसतंच ऐकून घेणारं. पालक येतील, आले नाहीत तरी आपण बसू. जेवणाचा आजार असो, व्यसन असो, परीक्षेची भीती असो, नाव घ्यायला एक जागा हवी. आणि रात्री-बेरात्री कुणाला धीर हवा असेल, तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. तो शाळेच्या फळ्याशेजारी कायमचा रंगवून घेऊ. रंगाचा खर्च माझा.

तीन, आपली टोपणनावं. मी यादी करून पाहिली. आपल्या वर्गातल्या टोपणनावांपैकी निम्मी तरी शरीरावरून होती. ज्यांना ती पडली होती त्यांतल्या दोघी मेळाव्याला कधीच येत नाहीत. त्यामागचं कारण तेच आहे, असं मी म्हणत नाही. पण मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं. या वेळी मी दोघींना फोन केला. एकीशी दोन तास बोलले. ती म्हणाली, "नावाने हाक मार, मग येते." तिचं नाव मला एका क्षणी आठवेना, टोपणनावच ओठांवर आलं. माझी मान खाली गेली.

वाणी सरांनी घरातल्या दुःखाला नाव दिलं आणि ते फलकावर लिहिलं, त्यातून पुढचं सगळं झालं. आपण निदान एकमेकांची खरी नावं तरी परत घेऊ या. पुढच्या मेळाव्याला त्या दोघी येणार आहेत. पंगतीत त्यांना आग्रह करू नका, "किती बारीक झालीस" किंवा "किती सुटलीस" असंही म्हणू नका. नुसतं शेजारी बसा. भाचीही येणार आहे, ती आता कॉलेजात जाते. भाकरी किती वाढायची हे तिचं ती सांगेल.